महागडी खुर्ची आणि सोलापूरची मापे

भारतात आज एक लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक किमतीला मिळणाऱ्या कार्यालयीन खुर्च्यांची निवड बहुधा नावावरून केली जाते: हर्मन मिलर की स्टीलकेस, जाळीची की गादीची, आणि त्यांतील सर्वोत्तम कोणती. हा प्रश्न अपुरा आहे, कारण खुर्चीचा गुण तिच्यात बसणाऱ्या शरीराशी, त्या शरीराला कराव्या लागणाऱ्या कामाशी आणि ते काम ज्या हवेत चालते त्या हवेशी बांधलेला असतो. आणि या दोन्ही कंपन्यांची मुख्य केंद्रे ज्या मिशिगन राज्यात आहेत तिथे या तिन्ही गोष्टी एक प्रकारच्या असतात, तर सोलापुरात दुसऱ्या प्रकारच्या.

सोलापूर हे बसून काम करणाऱ्यांचे जुने शहर आहे. १८७७ साली येथे सूतगिरणी उभी राहिली, तिच्या आधीपासून आणि नंतरही पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली विणकर खड्डामागावर, म्हणजे जमिनीच्या पातळीवर बैठक आणि पाय खाली खणलेल्या खड्ड्यात अशा मागावर, विणत आले. हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानांत तंबाखू भरत विड्या वळत आल्या. आणि अलीकडच्या काळात शाळांच्या व कारखान्यांच्या गणवेशांची शिलाई हा शहराचा मोठा धंदा झाला. या सर्व बैठकांत खुर्चीला स्थान नव्हते किंवा अगदी दुय्यम होते. खुर्चीवरचे दिवसभराचे काम आले ते रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, सहकारी बँकांत, २००४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात, आणि २०२० नंतर पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांचे काम घरच्या खोलीत बसून करणाऱ्या तरुण संगणक अभियंत्यांकडे. महागड्या खुर्चीचा विचार करणारा ग्राहक मुख्यतः या शेवटच्या वर्गातील असल्यामुळे पुढील विवेचन प्रामुख्याने त्याला, आणि तिला, लागू पडते.

माणूस उभा असतो तेव्हा पाठीच्या कण्याच्या कंबरेतील भागाला पुढच्या बाजूस एक सौम्य बाक असतो. माणूस बसला की मांड्या वर येतात, मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, ते श्रोणीला, म्हणजे कंबरेच्या हाडांच्या कड्याला, मागे वळवतात आणि कंबरेचा बाक सपाट होतो किंवा उलटा होतो. अमेरिकन शल्यविशारद जे. जे. कीगन यांनी १९५३ साली क्ष-किरण छायाचित्रांच्या आधारे दाखवले की, धड आणि मांडी यांच्यातील कोन सुमारे १३५ अंश असताना हा बाक सर्वात सहजपणे टिकतो, तर ज्या ९० अंशांच्या काटकोनात बसण्याची शिस्त शाळेपासून लावली जाते त्या कोनात तो बराच नाहीसा होतो. त्यानंतर स्वीडनमधील आल्फ नाखेम्सन यांनी मणक्यांमधील चकतीत सुई घालून तिच्यातील दाब मोजला आणि टेकल्याशिवाय बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक दाब येतो, असा निष्कर्ष काढला. खुर्ची विकणारे हा आकडा आजही सांगतात. परंतु १९९९ साली जर्मनीतील हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून पुन्हा मोजमाप केले, तेव्हा उभे असताना सुमारे ०.५० मेगापास्कल, न टेकता सैल बसले असताना ०.४६ आणि खुर्चीत घसरून, पाठ टेकून बसले असताना अवघे ०.२७ असे आकडे मिळाले. एकाच शरीरावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. तरीही या प्रयोगाने ताठ बसण्याच्या नैतिक प्रतिष्ठेला चांगलाच धक्का दिला. दोन्ही मोजमापांतून हाती राहते ते असे की, पाठीला आधार मिळाला आणि तो आधार सोबत घेऊन मागे रेलता आले, तर कण्यावरचा भार कमी होतो. शिवाय चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसल्यामुळे तिचे पोषण दाब कमी-अधिक होत राहण्यावर अवलंबून असते, आणि म्हणून कोणतीही एक स्थिती, कितीही शास्त्रशुद्ध असली तरी, तासन्तास धरून ठेवणे हितकारक ठरत नाही.

महागड्या खुर्चीत पैसे जातात ते या रेलण्यासाठी. साध्या खुर्चीत बैठक आणि पाठ एकाच कोनात जोडलेली असतात, त्यामुळे मागे झुकले की गुडघे वर उचलले जातात, टाचा जमिनीवरून सुटतात आणि माणूस मुकाट्याने पुन्हा पुढे येऊन पडद्यावर ओणवतो. याउलट ‘सिंक्रो’ यंत्रणेत पाठ साधारण दोन अंश मागे जाते तेव्हा बैठक एक अंश कलते. धड-मांडीचा कोन उघडतो, पाय जमिनीवर राहतात आणि दृष्टी पडद्याच्या रेषेत टिकते. खुर्ची निवडताना पहिली परीक्षा याच यंत्रणेची घ्यावी: रेलण्याचे कुलूप मोकळे ठेवून, स्प्रिंगचा ताण स्वतःच्या वजनाप्रमाणे लावून, पायाने जोर न देता मागे जाता येते का, आणि मधल्या कोणत्याही बिंदूवर शरीर तोललेले राहते का. कमी वजनाच्या माणसाला अनेक खुर्च्यांची पाठ मागे ढकलवत नाही. ताण सर्वात कमी करूनही ती परत ढकलते. अशा माणसाच्या दृष्टीने त्या खुर्चीतील सारी यंत्रणा वाया गेलेली असते.

या क्षेत्रातील प्रसिद्ध खुर्च्यांमागे प्रत्येकी एक वेगळा विचार आहे, आणि तो कळला की निवड सोपी होते. बिल स्टम्फ यांनी हर्मन मिलरसाठी १९७६ साली ‘एर्गॉन’ ही खुर्ची केली आणि शरीरशास्त्र हे कार्यालयीन खुर्चीच्या रचनेचे उघड प्रयोजन बनले. पुढे स्टम्फ आणि डॉन चॅडविक हे वृद्धांसाठी आरामखुर्चीची रचना करत असताना त्यांच्या लक्षात आले की, दीर्घकाळ एकाच जागी बसणाऱ्यांच्या त्वचेला फोमची गादी उष्णता आणि ओल कोंडून इजा करते. त्यावरचा उपाय म्हणून शोधलेली ताणलेली जाळी वृद्धांपर्यंत त्या वेळी पोहोचली नाही, पण १९९४ साली ‘एरॉन’ या कार्यालयीन खुर्चीत आली आणि जगभर अनुकरणाचा विषय झाली. एरॉनमध्ये बैठकीची खोली बदलता येत नाही. त्याऐवजी ती ए, बी आणि सी अशा तीन आकारांत मिळते, म्हणजे ती चपलेसारखी मापाने घ्यायची वस्तू आहे. स्टीलकेसच्या १९९९ सालच्या ‘लीप’मध्ये जाळीऐवजी गादी आहे, बैठक पुढे-मागे सरकते आणि पाठीचा वरचा व खालचा भाग वेगवेगळा वाकतो. त्याच वर्षी नील्स डिफ्रिएन्ट यांनी ह्यूमनस्केलसाठी केलेल्या ‘फ्रीडम’मध्ये ताणाची खुंटीच काढून टाकली, बसणाऱ्याचे वजनच पाठीचा प्रतिकार ठरवते, त्यामुळे एकच खुर्ची अनेकांनी वापरायची असेल तर ती सोयीची पडते. २०१३ सालच्या ‘जेश्चर’पूर्वी स्टीलकेसने ११ देशांतील सुमारे २,००० लोकांच्या बसण्याचे निरीक्षण केले आणि मोबाइल व टॅबलेटमुळे बसण्याच्या नऊ नव्या तऱ्हा निर्माण झाल्याचे नोंदवले, त्या खुर्चीचे हात म्हणूनच माणसाच्या हातांइतके मोकळेपणाने फिरतात. मोबाइलकडे वाकून काम करण्याची सवय ज्याला सोडायची नाही त्याला जेश्चरचा उपयोग अधिक. दिवसभर कळफलकावर असणाऱ्याला तिच्या हातांसाठी जादा पैसे मोजण्याचे फारसे कारण नाही.

या साऱ्या रचना ज्या शरीरांसाठी झाल्या ती सरासरीने उंच आणि वजनदार आहेत. भारतीय शरीरांची मापे देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केली आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती १९९७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. खुर्चीच्या दृष्टीने त्यातील सर्वात कामाचे माप म्हणजे गुडघ्यामागच्या खोबणीची जमिनीपासूनची उंची. हे माप ढोबळमानाने माणसाच्या उंचीच्या पाव हिश्श्याइतके असते. १५० सेंमी उंचीच्या, म्हणजे महाराष्ट्रात सर्वसाधारण समजल्या जाणाऱ्या स्त्रीचे हे माप सुमारे ३७ ते ३८ सेंमी येते. चप्पल धरली तर ३९ ते ४०. आता एरॉनच्या बी आकाराची किंवा जेश्चरची बैठक सर्वात खाली आणली तरी ती सुमारे ४१ सेंमीवर थांबते, आणि लीप त्याहून जराशीच खाली जाते. म्हणजे घरात अनवाणी बसणाऱ्या या स्त्रीचे पाय लाखाच्या खुर्चीत तीन-चार सेंमी अधांतरी राहतात, बैठकीची पुढची कड मांडीच्या खालच्या बाजूस रुतते, आणि मग ती पुढे सरकून कडेवर बसते, तेव्हा पाठीचा आधार, ज्यासाठी सारा खर्च केला तो, तिच्यापासून एक वीत मागे राहतो. माहितीपत्रकात खुर्ची किती किलो वजन पेलते हा कमाल आकडा ठळक छापलेला असतो. सोलापूरच्या ग्राहकाने शोधायचा आकडा किमान उंचीचा आहे. एरॉनचा ए आकार किंवा कमी उंचीचा गॅस सिलिंडर, म्हणजे बैठक वरखाली करणारी दाबलेल्या वायूची नळी, मागणी नोंदवतानाच निवडावी लागते, आणि दुकानात मांडलेली खुर्ची जवळजवळ नेहमी मधल्या आकाराची असते.

बैठकीच्या खोलीचेही तसेच. पाठ पूर्ण टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांच्यात दोन ते तीन बोटे जागा राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर सरकती बैठक असलेली खुर्चीच घ्यावी, मग तिचे नाव काहीही असो.

येथे टेबलाचा विचार टाळता येत नाही, आणि खुर्चीच्या चर्चांत तो बहुतेक टाळला जातो. आपल्याकडील तयार टेबले सुमारे ७५ सेंमी उंच असतात. वरील स्त्रीची बैठक ३८ सेंमीवर असेल तर तिची कोपरे जमिनीपासून ६० सेंमीच्या आसपास येतात, कारण बसल्यावर बैठकीपासून कोपर साधारण २० ते २२ सेंमी वर असते. मग कळफलक गाठण्यासाठी तिला एक तर खांदे उचलावे लागतात किंवा खुर्ची चौदा-पंधरा सेंमी वर घ्यावी लागते, आणि तसे केले की पायांखाली तेवढ्याच उंचीचा पाट लागतो. सर्वात महागडी खुर्चीही ही विसंगती मिटवू शकत नाही. सुताराकडून टेबलाचे पाय कापून घेणे आणि लॅपटॉपचा पडदा पुस्तकांच्या चवडीवर डोळ्यांच्या पातळीला आणून वेगळा कळफलक जोडणे, एवढ्याने पाठदुखीची पुष्कळ कारणे काही शे रुपयांत दूर होतात, आणि मग खुर्चीवर नेमका किती खर्च करायचा याचा हिशेब शांतपणे करता येतो. भाड्याच्या घरात मालकाच्या टेबलाचे पाय कापता येत नाहीत, तिथे पाट हाच मार्ग.

हवामानाचा प्रश्न सोलापुरात गौण नाही. पर्जन्यछायेतील या शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा नियमाने ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. कोरड्या हवेत घाम लवकर सुकतो, पण तो सुकण्यासाठी त्वचेला हवा लागली पाहिजे. फोमची गादी ती अडवते, जाळी ती जाऊ देते. पंख्यावर भागवणाऱ्या खोलीत पाठीला जाळी असणे ही चैनीची बाब राहत नाही. वातानुकूलित कार्यालयात मात्र हा फरक जवळजवळ संपतो, आणि गादीचे गुण, म्हणजे मांड्यांना मिळणारा समान आधार व मऊ कड, पुढे येतात. पाठ जाळीची आणि बैठक गादीची असा मध्यममार्ग अनेक भारतीय उत्पादक देतात आणि या शहरासाठी तो बहुधा सर्वात शहाणा आहे. सर्वात वाईट निवड म्हणजे ‘बॉस चेअर’ म्हणून विकली जाणारी रेक्झिनची उंच पाठीची खुर्ची: ती घाम कोंडते, दोन-तीन उन्हाळ्यांत तिचे पापुद्रे सुटू लागतात, आणि तिचा रुबाब बसणाऱ्यापेक्षा समोर उभ्या असलेल्याला जाणवावा म्हणून केलेला असतो. जिथे माग किंवा शिलाई यंत्रे जवळ आहेत तिथे सुताची बारीक लव हवेत असते. ती जाळीच्या छिद्रांत आणि चाकांच्या आसात अडकते, त्यामुळे जाळीच्या खुर्चीला अशा ठिकाणी वरचेवर ब्रश फिरवावा लागतो.

मांडी घालून बसण्याची सवय ही आणखी एक बाब, जिचा उल्लेख परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. जमिनीवर जेवणाऱ्या, पाटावर बसणाऱ्या घरांतून आलेला माणूस खुर्चीवरही थोड्या वेळाने एक पाय वर घेतोच, आणि बदलत्या बैठकीच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही, फक्त ती बैठक तासन्तास चालू नये. एरॉनची जाळी कठीण प्लॅस्टिकच्या चौकटीवर ताणलेली असल्यामुळे तिच्या कडा वर उचललेल्या असतात आणि दुमडलेल्या पायाच्या घोट्याला त्या बोचतात. लीप किंवा जेश्चरसारख्या गादीच्या, लवचीक कडेच्या बैठकीवर मांडी घालता येते. ज्याला मांडी सोडायची नाही त्याच्यासाठी सारा वाद येथेच मिटतो.

टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र महागड्या खुर्चीची बाजू भक्कम आहे. अमेरिकेतील ‘बिफ्मा’ या उत्पादक संघटनेच्या मानकानुसार बैठकीवर सुमारे ५७ किलोची पिशवी एक लाख वेळा टाकून चाचणी घेतली जाते, आणि आज १५ ते ४० हजार रुपयांच्या अनेक भारतीय खुर्च्याही ही चाचणी उत्तीर्ण झाल्याचे सांगतात. पण ही चाचणी खुर्ची मोडत नाही एवढेच सिद्ध करते. ती पाठीला बसते की नाही याबद्दल काहीच बोलत नाही. वरच्या श्रेणीतील कंपन्या १२ वर्षांपर्यंत हमी देतात, आणि हर्मन मिलरची हमी तर तीन पाळ्यांच्या, म्हणजे चोवीस तासांच्या वापरालाही लागू असते. लाखाची खुर्ची १२ वर्षे चालली तर वर्षाला साडेआठ हजारांच्या आत पडते, आणि दर तीन वर्षांनी दहा-बारा हजारांची खुर्ची बदलणाऱ्याचा खर्च वर्षाला चार हजारांच्या आसपास राहतो; निव्वळ हिशेबाने महाग खुर्ची स्वस्त पडते हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद म्हणून पुरता टिकत नाही. शिवाय हमीचा अर्थ दुरुस्ती करणारा माणूस कोठून येणार यावर अवलंबून आहे. सोलापुरात गादी नव्याने भरून देणारे, चाके आणि गॅस सिलिंडर बदलून देणारे कारागीर मिळतात. ताणलेली जाळी फाटली तर ती मूळ कंपनीकडूनच मागवावी लागते. कंपनीचा माणूस घरी येणार की खुर्ची पुण्याला पाठवावी लागणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

पुण्या-मुंबईत कार्यालये जागा बदलतात किंवा बंद होतात तेव्हा त्यांच्या खुर्च्या जुन्या बाजारात निम्म्याहून कमी किमतीला येतात, आणि सोलापूरच्या ग्राहकाला हा मार्ग अनेकदा नव्या खुर्चीपेक्षा बरा ठरतो. अशा खुर्चीत बसून दहा मिनिटे थांबावे आणि बैठक आपोआप खाली उतरते का ते पाहावे, तसे असेल तर सिलिंडर गेलेला आहे. जाळी मधोमध पोटासारखी लोंबते का ते हाताने दाबून पाहावे. आणि हमी मूळ खरेदीदारापुरतीच असते हे गृहीत धरावे. नव्या खुर्चीसाठीही पुण्याला एक फेरी मारणे इष्ट, कारण माहितीपत्रकावरून किमान उंची कळते, पण ताण कळत नाही. दोन मिनिटे बसून सुख वाटणारी खुर्ची बहुधा मऊ गादीची असते, आणि मऊ गादीत बसणीची हाडे रुतून श्रोणी मागे वळते, हे तासाभराने ध्यानात येते. म्हणून निदान अर्धा तास, जमल्यास स्वतःचा लॅपटॉप घेऊन, बसून पाहावे.

याच कसोट्या शहरातील गणवेशांच्या शिलाई विभागांना लावल्या तर चित्र पार बदलते. तेथे कारागीर, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, पाठ नसलेल्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलावर दिवसाचे आठ-दहा तास बसतात; नजर सुईवर, एक पाय सतत पेडलवर, दोन्ही हात कापडावर. या कामाला कार्यालयीन खुर्ची निरुपयोगी आहे: चाके असल्यामुळे पेडल दाबताच ती मागे सरकते, हातांचे दांडे टेबलाखाली जात नाहीत, आणि मागे रेलण्याची यंत्रणा नजर सुईपासून दूर नेते. येथे हवी ती बिनचाकी, उंची बदलता येणारी, पुढच्या बाजूला दहा ते पंधरा अंश उतरती बैठक, कारण पुढे उतार असला की ओणवे न होताही धड-मांडीचा कोन उघडा राहतो. डेन्मार्कमधील शल्यविशारद ए. सी. मांडाल यांनी १९७० च्या दशकापासून शाळेच्या बाकांसाठी हीच रचना मांडली होती. तिला कोपरे आपटणार नाहीत अशी अरुंद, कंबरेपुरतीच पाठ हवी, आणि यंत्राचे टेबल मागच्या बाजूला थोडे उचललेले हवे, म्हणजे सुई दिसण्यासाठी मान कमी वाकवावी लागते. यांतील एकाही गोष्टीला जाळी, वजन ओळखणारी स्प्रिंग किंवा परदेशी नाव लागत नाही. स्थानिक वेल्डर आणि सुतार मिळून अशी बैठक तयार करू शकतात, आणि एका एरॉनच्या किमतीत अशा अनेक बैठका होतील.